तुळशीची बहीण

सत्तर साली कामठीच्या छावणीतले एक साहेब बदलीवर गेले आणि जाताना लेमन व्हर्बिनाची कुंडी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, देऊन गेले. पानाला लिंबाचा वास, चहात टाकायचं, असं त्यांच्या बाईंनी सांगितलं होतं. पण मामाजींनी वास घेतला आणि ठरवून टाकलं की ही तुळशीचीच बहीण. झालं! एकादशीला तोडायचं नाही, रविवारी तोडायचं नाही, दिवेलागणीनंतर हातही लावायचा नाही. उरलेल्या दिवशी मी कुंडीकडे वळले, की हातमागावर बसलेल्या मामाजींचा आवाज यायचा, "सूनबाई, झाडाले काहून त्रास देऊन राहिली वं?"

शेंडे न खुडल्यानं झाड काठीसारखं उंच गेलं, बुडाशी बोडकं. माझा चहा साधाच राहिला.

एका दुपारी शेजारच्या सखूबाईची बकरी आत घुसली आणि अर्धं झाड खाऊन गेली. मामाजी रात्री जेवले नाहीत. मी मात्र दुसऱ्या दिवशी बकरीला गुपचूप भाकर घातली.

पोळ्यापर्यंत तुटक्या फांद्यांना इतके फुटवे आले, की कुंडी दिसेना. मामाजी रोज सकाळी फुटवे मोजायला लागले.

पुढच्या वर्षी झाड परत उंच झालं. मी विचारलं, "मामाजी, आता तरी शेंडे कापू?"

"देवाच्या झाडाले कात्री? पाप लागते!"

मग ते उठले, फाटक सताड उघडलं आणि गल्लीत ओरडले, "सखूबाई, बकरी कुठं हाय वं? धाड जरा इकडे."

त्या दिवशी एकादशी होती.