निळ्या स्वेटरचं शेवाळी कोपर

मित्रांनो, माझ्या उजव्या कोपराकडे बघून खुशाल हसा. मी एक जुना निळा स्वेटर आहे आणि माझं एक कोपर शेवाळी आहे.

मला आजीने विणलं, आजोबांसाठी. पहिल्यांदा त्यांच्या अंगावर चढलो तेव्हा स्वारी आरशासमोरून हलेना! पुढे कितीतरी हिवाळे मी त्यांच्या छातीशी काढले.

मग टेबलावर टेकून टेकून माझं कोपर फाटलं. आजीचे गुडघे धरलेले, म्हणून लोकर आणायला आजोबाच गेले, मला घालून. दुकानदार म्हणाला, "आजोबा, जरा उजेडात येऊन बघा." आजोबा उखडले. "माझ्या स्वेटरचा रंग तू मला शिकवणार?" धापा टाकत घरी आले आणि ऐटीत लोकरीची गुंडी पुढे केली. "बघ, हुबेहूब तोच रंग!"

गुंडी होती शेवाळी. आजीने एकदा गुंडीकडे, एकदा आजोबांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "छान आहे हो." त्याच लोकरीने तिने माझं कोपर विणलं आणि दुसऱ्या दिवसापासून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला म्हणून लकडा लावला. "माझे डोळे ठणठणीत आहेत," आजोबांचं एकच पालुपद. एकदा जिन्याची पायरी चुकली, तेव्हा कुठे तयार झाले. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला.

तेवढ्यात मी लाँड्रीत जाऊन आलो. आजोबांनी मला हातभर लांब धरलं.

"हा माझा नाही! माझा कसा मळकट रंगाचा होता. हा केवढा निळाशार! आणि कोपराला हे कसलं ठिगळ? बदललास तू!"

लाँड्रीवाला बिचारा गयावया करू लागला. आजोबांनी मला त्याच्या गठ्ठ्यात परत टाकलंसुद्धा. ज्यांना इतकी वर्षं ऊब दिली, त्यांनीच मला ओळखलं नाही. मला फार वाईट वाटलं.

आजीने मला उचलून खिडकीशी नेलं. "अहो, इकडे या. ऑपरेशन झालेला डोळा झाका आणि दुसऱ्याने बघा."

त्या डोळ्याला मी होतो तसाच दिसलो, मळकट, आणि कोपरही त्याच रंगाचं. हात काढला की पुन्हा निळाशार. आजोबा बराच वेळ डोळे झाकत-उघडत राहिले. मग त्यांनी लाँड्रीवाल्याची माफी मागितली.

"अगं, लोकर आणली तेव्हाच का बोलली नाहीस?"

"किती हौसेने आणली होती तुम्ही."

त्या दिवशी मला कळलं की माझा रंग एकट्या माझ्या लोकरीत नाही. थोडा तो उजेडात असतो आणि थोडा बघणाऱ्याच्या डोळ्यात.

आजी कोपर उसवायला कात्री घेऊन बसली, तर आजोबांनी ते मुठीत घट्ट धरलं. "राहू दे. तुझ्या 'छान आहे हो'ची आठवण."

म्हणून सांगतो मित्रांनो, घरात कुणाला एखादा रंग वेगळाच दिसला तर त्याला खोटं पाडू नका, हात धरून खिडकीशी न्या. माझ्या कोपराला मात्र हसा. आजोबाही रोज हसतात, आणि मग मला अंगात घालतात.