जांभळ्या काठाची परात

मित्रांनो, पुलगावात गिरणीच्या मागच्या वस्तीत एक घर आहे. त्या घराच्या मोरीपाशी, भिंतीला टेकून, मी उभी असते. मी एक जुनी पितळी परात आहे. माझ्या आतल्या काठावरून बोट फिरवलंत, तर तिथं एक जांभळी रेघ दिसेल. राख झाली, चिंच झाली, लिंबू झालं, पण ती रेघ निघाली नाही. बघणाऱ्याला वाटतं, डाग आहे. मी आज तुम्हाला त्या रेघेचीच गोष्ट सांगणार आहे.

भंडाऱ्याच्या कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं. जिजाबाईच्या लग्नात तिच्या मामानं मला आहेरात दिलं. जिजाबाईचा नवरा तानबा आष्टीकडच्या रानात दुसऱ्यांच्या शेतांची राखण करायचा. माळ्यावर, त्या उंच मचाणावर, उभा राहून रोह्यांना, म्हणजे नीलगाईंना, आणि डुकरांना हाकलायचा. त्याला मी पुष्कळदा पाहिलं आहे. डोक्याला फडका बांधून त्याचं टोक तो डाव्या कानावर सोडायचा. एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तानबा गेला. जिजाबाई मला आणि लहानग्या रूपरावाला घेऊन पुलगावला भावाच्या आश्रयाला आली. पुढं रूपराव मोठा झाला, गिरणीत लागला.

जिजाबाई फार नेमाची बाई. सोमवार, चतुर्थी, एकादशी कधी चुकली नाही. कणीक मळली की पहिला गोळा गाईचा. घरात नवं काही आलं की पहिला मान कोनाड्यातल्या देवाचा. नवी तूर असो, नवा गूळ असो, देवापुढं ठेवल्याशिवाय ती जिभेला लावायची नाही. तिचे हात माझ्यात फिरत असताना ओठांवर नाम असायचं. मित्रांनो, भांड्याला याहून मोठं सुख काय असतं?

रूपरावाला चित्रांचा नाद होता. पाळीवरून आला की तो कागद घेऊन बसायचा. चौकटीमागून चौकट काढून त्यानं एक चित्रकथा रचली होती, 'रोही आणि राखणदार'. एक राखणदार रोज एका रोह्याला हाकलतो, पण दगड कधी मारत नाही. शेवटी तो त्याच्यासाठी बांधाकडचं तुरीचं एक तास, म्हणजे एक ओळ, सोडून देतो, अशी ती गोष्ट होती. ही चित्रकथा छापायची कशी, हा त्याच्यापुढं प्रश्न होता. १९७८ च्या पौषात तो जिजाबाईपाशी आला.

"माय, थे मोठी परात देतं का मले?"

"कायले?"

"पुस्तक कराले."

"परातीत पुस्तक व्हते का रे? मी तं आजवर पोयाच केल्या." ती हसली आणि मला त्याच्या हाती दिलं.

त्यानं बाजारातून सरस आणला. तो भिजवून, वितळवून, त्यात ग्लिसरीन घालून माझ्यात ओतला. सकाळपर्यंत माझ्यात खरवसासारखा थर थिजला. मग जांभळ्या शाईनं काढलेलं पान त्यानं त्या थरावर पालथं घातलं, तळहातानं दाबलं आणि अलगद उचललं. चित्र माझ्यावर उमटलं होतं, पण उलटं. त्यावर कोरे कागद एकेक करून दाबायचे आणि उचलायचे. पहिला कागद गडद यायचा. दहावा बरा. चाळिसावा धुक्यातल्या झाडासारखा. मूळ पानही फिकं उरायचं, कारण त्याची शाई मीच पिऊन टाकलेली असायची. एक दिवस विसावा दिला की शाई थराच्या पोटात जिरायची आणि वरचा भाग पुन्हा स्वच्छ व्हायचा. मग दुसरं पान. बारा पानांना वीस-पंचवीस दिवस लागले. मी ती सगळी गोष्ट वाचली, पण उलटी वाचली.

पहिला गडद संच शिवून झाला, तसा रूपरावानं तो आपण होऊन आईच्या हाती दिला. घरची रीतच ती. जिजाबाईनं तो कपाळाला लावला आणि कोनाड्यात देवापाशी ठेवला.

त्याच आठवड्यात शेजारची विमलाबाई मीठ मागायला आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "जिजाबाई, सरस कायचा असते, माहीत हाये ना? ढोराच्या हाडाकातड्याचा."

जिजाबाईचा मिठाचा हात तसाच राहिला. रूपराव पाळीवरून आला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "रूपा, थे परात आता तुहीच. मी ताटात कणीक मयते."

"माय, मले माहीत नोतं."

"मलेही नोतं. देवाले तं माहीत होतं ना? त्यानं होऊ देलं."

त्यानंतर तिनं एकदाही बोल लावला नाही. ताट लहान होतं. कणीक सांडायची, ती वेचून घ्यायची. माझं स्वयंपाकघर सुटलं. वाईट वाटलं. पण माझ्यातून पुस्तक निघालं आहे, या अभिमानावर मी ते सोसलं.

माघात नागपूरला चित्रकथांचा मोठा मेळावा भरला. तीन दिवसांचा. पुण्या-मुंबईचे प्रकाशक येणार, कोणीही आपलं काम मांडावं, अशी जाहिरात होती. रूपरावानं रजा टाकली. प्रती कशा निघतात ते लोकांना दाखवावं, म्हणून मलाही पोत्यात गुंडाळलं. बरोबर त्याचा गिरणीतला मित्र नत्थू होता.

"लोकं देव घेऊन जत्रेले जाते," नत्थू गाडीत म्हणाला, "तू परात घेऊन चालला गा."

मित्रांनो, एवढा मोठा मांडव मी कधी पाहिला नव्हता. मधल्या रांगेत मोठ्या प्रकाशकांची दुकानं. रंगीत पुस्तकं दोरीवर टांगलेली. नावाजलेल्या चित्रकारांपुढं सहीसाठी माणसांची रांग दारापर्यंत. आम्हाला जागा मिळाली ती पार शेवटी, पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी. तिथं लोक येत होते, पण पाणी प्यायला. रूपरावानं एका पाटावर मला मांडलं आणि प्रती रचल्या. गडद प्रती वर, फिक्या खाली. त्याला वाटलं, चांगलं ते आधी दिसावं.

चूक तिथंच झाली. पहिल्या दिवशी पाणी पिता पिता पंधरा-वीस जणांनी प्रती नेल्या. अर्थात वरच्याच नेल्या. रूपराव हरखून प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता. दुसऱ्या दिवशी पाटावर फक्त फिक्या उरल्या.

एक मुलगी प्रत डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "काका, यात काहीच दिसत नाही."

"बाई, हे पहाटचं चित्र हाये," नत्थू म्हणाला. "थोडं ऊन पडू दे, मंग दिसन." मुलगी हसली आणि प्रत ठेवून निघून गेली. रूपराव हसला नाही.

दुपारी एक वयस्क गृहस्थ पाणी प्यायला आले. पुण्याच्या एका प्रकाशनाचे प्रभाकरराव. पेला हातात तसाच ठेवून त्यांनी एक प्रत उचलली. चष्मा कपाळावर सरकवला आणि तिथंच उकिडवे बसून बाराही पानं वाचली. मांडवात एवढा गलबला, पण आमच्या टाकीपाशी मला फक्त पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"हा राखणदार तुम्ही कुठं पाहिलात?" त्यांनी विचारलं.

"असाच, मनातला हाये साहेब."

"मनातला माणूस इतका नेमका उभा राहत नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "मी हे छापीन. पण ठसे करायला गडद प्रत लागते. यावरून नाही होणार. मूळ पानं आहेत?"

"थे बी फिकीच उरली, साहेब."

"एखादी तरी गडद प्रत?"

रूपरावानं नत्थूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "एक हाये. घरी. पह्यली."

"मग उद्या दुपारी बारापर्यंत आणा. बाराला आमची वर्षाची निवड पक्की होते. त्यानंतर माझ्याही हातात काही नाही."

नत्थूला पाटापाशी बसवून रूपराव दुपारच्याच गाडीनं निघाला. मला त्यानं बरोबर घेतलं. ती प्रत येताना चुरगळू नये, म्हणून माझ्या सपाट पाठीला बांधून आणणार होता. वर्धा गेलं, पुलगाव जवळ आलं. सगळ्या वाटेत त्याची बोटं माझ्या पाठीवर ताल धरत होती. इतका आनंदात मी त्याला कधी पाहिला नव्हता, नंतरही कधी नाही.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यानं मला भिंतीशी ठेवलं, पाय धुतले आणि कोनाड्यातून प्रत काढली. पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. मग तो हळूहळू खाली बसला.

प्रत्येक पानावर कुंकू होतं. सांडलेलं नव्हतं, लावलेलं होतं. प्रत्येक चौकटीत राखणदाराच्या कपाळावर एकेक बोट. तेल कुंकवाबरोबर कागदात उतरलं होतं आणि चेहरे लाल झाले होते.

"माय, हे कुंकू?"

"तुह्या बापाले लावते," जिजाबाई वात सारत म्हणाली. "आंघोय झाली का रोज एक पान."

रूपरावानं कोणाला सांगितलं नव्हतं की तो राखणदार तानबा आहे. मलाही नाही; आणि मी तर तो उलटा वाचला होता.

"तुले कोनं सांगतलं, हा बाबा हाये म्हनून?"

"सांगाले कायले लागते? फडक्याचं टोक डाव्या कानावर सोडनारा थो एकच होता." तिनं हात जोडले. "त्याचा फोटो आपन कधी काढला नाई रूपा. इतकी वर्षं मी डोये मिटून पाहत होती त्याले. आता उघडे ठेवून पाहते." मग तिच्या ध्यानात आलं. "पन तू आज कसा आला? मेळावा तं उद्या सरते ना?"

रूपरावानं प्रत मिटली. दोन्ही हातांनी कोनाड्यात परत ठेवली.

"तुह्या हातची भाकर खाले आलतो," तो म्हणाला.

"पसंत पडलं का लोकायले?"

"पडलं."

दुसऱ्या दिवशी तो नागपूरला गेला नाही. उंबऱ्यावर बसून राहिला. गिरणीचा बाराचा भोंगा झाला. तो ऐकून उठला, मला विहिरीवर नेलं आणि माझ्यातला थर खरवडून काढला. थर आतपर्यंत जांभळा झाला होता. बाराही पानं त्यात एकमेकांत विरघळून गेली होती. त्यानं तो कडुलिंबाखाली पुरला. मग राख आणि चिंच घेऊन मला इतकं घासलं की त्याच्या बोटांची सालं निघाली.

"माय, घे परात. आता नाई लागत मले."

जिजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मला पदरानं पुसलं. क्षणभर वाटलं, आता कणीक येईल. पण तिचा नेम तिला मोडता येत नव्हता. तिनं मला मोरीपाशी टेकवलं. तेव्हापासून मी स्वयंपाकाची नाही आणि पुस्तकाचीही नाही.

संध्याकाळी उरलेल्या प्रती घेऊन नत्थू आला. दारातूनच म्हणाला, "थे साहेब साडेबारालोक उभे होते गा टाकीपाशी." रूपरावानं ओठांवर बोट ठेवलं. आत जिजाबाई तांदूळ निवडत होती. तिला कधीच कळलं नाही.

वर्षं गेली. रूपरावानं पुन्हा कागद घेतला नाही. जिजाबाई मात्र रोज एक पान उघडायची आणि त्याच जागी कुंकू लावायची. माझ्या मालकाच्या पुस्तकाला एवढा नेमाचा वाचक दुसरा मिळाला नाही. आणि मित्रांनो, जांभळी शाई उजेडाला टिकत नाही. आधी रोही गेला. मग माळा गेला. मग अक्षरं गेली.

एक दिवस ती म्हणाली, "रूपा, डोये गेले रे माह्ये. तुह्या बापाचं तोंडच नाई दिसत."

रूपरावानं पान दाराच्या उजेडात धरलं. कागद पांढरा होता. त्यावर नुसते लाल ठिपके होते, चौकटीच्या हिशेबानं, एकाखाली एक. बोटाला सवय होती, म्हणून ते जागेवर पडत होते.

"मोतीबिंदू असन माय," तो म्हणाला. "मी सांगतो, तू लाव." आणि रोज सकाळी तो तिच्याशेजारी बसायला लागला. "इथं बाबा माळ्यावर उभा हाये. रोही तुरीत शिरला. बाबानं फडका सारखा केला..."

"कोन्या कानावर?" ती विचारायची.

"डाव्या, माय."

"हं. मंग बरोबर."

गेल्या पौषात जिजाबाई गेली. चितेवर तिच्याबरोबर रूपरावानं ती प्रतही दिली. नत्थूनं आणलेल्या फिक्या प्रती तर केव्हाच कोऱ्या झाल्या होत्या. जुन्या भांड्यांवर नवी भांडी देणारी बाई दारात येते, मला उचलून वजन बघते. रूपराव नको म्हणतो. कधीकधी तो माझ्या काठावरच्या रेघेवरून बोट फिरवतो आणि पाळीवर जातो.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. त्या मेळाव्याच्या पहिल्या दिवशी पंधरा-वीस गडद प्रती पाण्याच्या टाकीपासून कुठं कुठं गेल्या. तुमच्या घरातल्या एखाद्या पेटीत, वह्यांच्या खाली, बारा पानांचं जांभळं पुस्तक असेल, तर ते उन्हात धरू नका. जुन्या फडक्यात गुंडाळा आणि जमेल तेव्हा पुलगावला आणून द्या. रूपरावाला त्याचा बाप एकदा बघू द्या, डाव्या कानावर टोक सोडलेला.

माझ्यापाशी तो आहे. पण मी परात. माझ्यात तो उलटाच उमटला. माझ्याजवळच्या तानबाचं टोक उजव्या कानावर आहे.