पहिली सवंगडी

विष्णुपंतांचा पलूसला कारखाना होता. तिथं 'सवंगडी' नावाचा छोटा टेम्पो तयार व्हायचा. नऊ वर्षांत एकशे चाळीस गाड्या बाहेर पडल्या आणि मग कारखान्याला कुलूप लागलं. त्यालाही आता आठ वर्षं झाली. पण म्हातारबुवांचा हेका काही सुटला नव्हता. नात ओवी कारखान्याचा इतिहास लिहीत होती, आणि त्यात त्यांना एक वाक्य हवंच होतं : गाडीत दोष नव्हता. पहिलीच सवंगडी अजून धावते असं कळलं, तेव्हा हा पुरावा बघायला आजोबा-नात सांगलीहून वडूजला निघाले.

कारखान्याची गिऱ्हाइकं बहुतेक मेंढपाळ. हौद्यात कोकरं आणि व्यालेल्या मेंढ्या. त्यांचं मूत साचून खालचा पत्रा तीन वर्षांत कुजायचा. तक्रारी आल्या तसा विष्णुपंतांनी पत्रा जाड केला, रंगाचा एक हात वाढवला, आणि या लोकांना गाडी धुवायचा कंटाळा आहे असं परस्पर ठरवून टाकलं.

पहिली सवंगडी घेणारे मेंढपाळ नानासो यांच्या वाड्यापाशी, मेंढरांच्या कुंपणाला लागून गाडी उभी होती. रंग पार उडालेला, पण हौदा शाबूत. विष्णुपंतांचा ऊर भरून आला.

"बघ ओवी, सतरा वर्षं! आणि पत्रा तोच!"

"व्हय, पत्रा त्योच हाय," नानासो म्हणाले.

ओवी फोटो काढायला हौद्यात चढली. "आजोबा, खाली भोकं आहेत. ओळीनं पाडलेली."

"ती म्या पाडून घेतली," नानासो म्हणाले. "मूत व्हाऊन जायला नगं व्हय? गाडी घ्यायला आलो तवाच म्हनलं हुतं, सायेब. तुमी हासला. नव्या गाडीला भोकं पाडतं का कोन, म्हनला. मग तुमच्या फाटकासमोरच्या वेल्डिंगवाल्याकडनं पाडली, आन् मगच नारळ फोडला."

विष्णुपंतांना ते हसणं लख्ख आठवलं. घरी जेवतानाही त्यांनी तो किस्सा सांगितला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग बाकीच्यांनी का नाही पाडली?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या कागदावर हुतं न्हवं, पत्र्याला हात लावला तर ग्यारंटी जाईल म्हनून. त्यांनी वाचलं. मला कुठं वाचाया येतंय?"

ओवीनं वही मिटली.

"मिटू नकोस," विष्णुपंत म्हणाले. "लिही. गाडीत दोष होता. आणि तो मला पहिल्याच दिवशी सांगितला होता."