पेटीत राहायला कोण येणार?

"धाकटे, भिंतीतलं भोक तेवढं बुजवू नकोस," असं सासूबाईंनी बजावलं होतं. धाकटीनं मान डोलावली आणि त्यांची पाठ वळताच गवंड्याकडून ते लिंपून घेतलं. भूकंपानं पाडलेलं घर नव्यानं उभं राहत होतं, कडेवर तान्ही लेक चिमणी होती. अशात मधमाश्यांना घरातच बिऱ्हाड द्यायचं? तिच्या कॉलेज शिकलेल्या डोक्यात हे काही बसेना.

डोंगरावरच्या त्या गावात पूर्वी घराच्या जाड भिंतीतच पोळं असे. बाहेरून माश्यांना भोक, आतून माणसांना फळी. फळी सरकवायची, धूर द्यायचा, आपला वाटा काढायचा आणि त्यांचा त्यांना ठेवायचा. त्या मधावरच सासूबाईंनी मुलं वाढवली, शिकवली. भिंती कोसळल्या, माश्या उठून गेल्या, आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या सासूबाई पायरीवर गप्प बसून राहू लागल्या. हातातला चहा तसाच निवून जाई.

मग मदतसंस्थेच्या ताई आल्या. त्यांनी घरोघरी मधमाश्यांसाठी निळ्या रंगाच्या नव्याकोऱ्या लाकडी पेट्या वाटल्या. माश्या काही फिरकेनात. शेजारच्या सुतारकाकूंच्या पेटीत तर कोंबडीनंच बस्तान मांडलं.

"मध नाही तर नाही, आमलेट तर मिळतंय!" काकू म्हणाल्या.

ताई हसल्या, पण जाताना सांगून गेल्या, "फुलांचा बहर संपेपर्यंत वाट बघू. मग रिकाम्या पेट्या पलीकडच्या खोऱ्यात द्याव्या लागतील."

पेटी गेली की सासूबाई त्या पायरीवरून पुन्हा उठायच्या नाहीत, हे धाकटीला कळून चुकलं होतं.

बहर ओसरत आला. एका सकाळी ती चिमणीला पाळण्यात घालत होती, तर खिडकीतून दोन मधमाश्या आत. तिनं आधी बाळावर दुपटं ओढलं, मग टॉवेल उगारला. पण पाळण्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या गेल्या थेट बाटल्यांच्या फळीवर. मागोमाग आणखी आल्या. धाकटीनं दुधाच्या बाटल्या उचलल्या, तरी त्या हलेनात. लाकडाच्या फटीत शिरत, बाहेर येत, पुन्हा शिरत, नवं घर पसंत करायला आल्यासारख्या. तिनं जीव मुठीत धरून वाकून वास घेतला. मेण!

"आई! लवकर या!"

"काय गं, चिमणी पडली?"

"चिमणी मजेत आहे. माश्या घर बघायला आल्यात!"

सासूबाई लगबगीनं आत आल्या, फळीला नाक लावलं आणि डोळे वटारले. "अगं बाई, ही तर आपल्या पोळ्याची फळी! तू तिच्यावर बाटल्या मांडल्यास?"

"ढिगाऱ्यात सापडली होती. साबणानं घासून घेतली की!"

"घासूनही वास गेला नाही, नशीब माझं! त्या पेटीला नुसता रंगाचा वास. रंगाच्या डब्यात तू तरी राहशील का?"

सुतारकाकू करवत घेऊन धावल्या. फळी कापून पेटीच्या आत ठोकली, आतला रंग खरवडून काढला. मग सगळ्या जणी लांब जाऊन उभ्या राहिल्या. उन्हं चढली तसा आधी नुसताच गुणगुणाट आला, आणि पाठोपाठ झाडांवरून माश्यांचा अख्खा ढग. धाकटी चिमणीला घेऊन घरात पळाली, दार लावून काचेला नाक चिकटवून बसली. बाहेर सासूबाई उघड्या डोक्यानं उभ्या होत्या.

"या गं बायांनो, आपलंच घर समजा! भाडं मात्र वेळेवर द्यायचं हं!"

किती तरी महिन्यांनी त्या खळखळून हसत होत्या. काचेआड धाकटी रडतही होती आणि हसतही होती.

दुपारपर्यंत अख्खं गाव आपापल्या ढिगाऱ्यात जुन्या फळ्या शोधायला लागलं. सासूबाई दारोदार फिरून हुकूम सोडत होत्या, आणि काकूंची कोंबडी बेघर झाली होती. ताई आल्या तेव्हा त्यांना न्यायला एकही रिकामी पेटी उरली नव्हती.

आता धाकटीचा घोर वेगळाच. सासूबाई भर उन्हात पेटीपाशी ठाण मांडून बसतात, सुनेचं काही ऐकत नाहीत. तेव्हा तुम्ही कधी त्या गावाच्या वाटेनं वर जाणार असाल तर तिचं एवढं काम करा. जरा बघून या, त्या पाणी प्यायल्यात का, डोक्यावर काही घेतलंय का. फक्त सुनेनं विचारलंय म्हणून सांगू नका.