धाकट्याची भुई

जगात माणसं घर बांधतात. महिपतीनं घर पुरलं. तेही हौसेनं, मुहूर्त बघून, भटजी बोलावून आणि नारळ फोडून.

पोलादपुराहून उमरठकडे जाताना नदीच्या अंगाला जी वाडी लागते, तिथं एक नेम होता. धाकट्या भावाच्या घराची भुई थोरल्याच्या भुईपेक्षा वर जाता कामा नये. का, ते कुणी विचारत नसे. विचारलंच तर म्हातारे म्हणत, "पूर्वीपासनं हाय." आणि एखादी गोष्ट पूर्वीपासनं आहे म्हटलं की त्या वाडीतलं शहाणपण तिथंच बसकण मारायचं. आता धाकट्याची जागा खालच्या अंगाला असती तर काही बिघडत नव्हतं. पण वाटणीत महिपतीला जागा आली ती थोरल्या भागोजीच्या घराच्या वर, डोंगराच्या कुशीत. म्हणजे नेम पाळायचा तर मार्ग एकच. डोंगरात खड्डा खणायचा आणि त्यात संसार थाटायचा.

महिपतीनं हा बेत बायकोला सांगितला तेव्हा राहीबाई भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "मंग वरनं मातीबी लोटून घ्या. एकदाच उरकंल."

घराची घाई सुटली होती ती मैनामुळं. मैना त्यांची एकुलती लेक. तिला महाडला दिली होती, जावई कचेरीत कारकून. लग्नानंतर वर्षाच्या आत तिला दिवस गेले, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं हा तर सगळ्या मुलखाचा रिवाज. पण विहीणबाई प्रयागबाई महाडच्या. त्यांनी चहाची बशी खाली ठेवत गोड आवाजात सांगितलं होतं, "मुलीला पाठवायला आमची ना नाही हो. पण तुमच्याकडं पावसाळ्यात भुईला पाझर फुटतो म्हणतात. भुई कोरडी असेल तर पाठवते. नाहीतर बाळंतपण इथंच करू, त्यात काय एवढं."

महिपतीला हा सात पिढ्यांचा अपमान वाटला. परतीच्या वाटेवर तो पोलादपूर येईपर्यंत धुसफुसत होता. राहीबाईला मात्र विहीणबाईंच्या बोलण्यात खोट सापडत नव्हती.

तिला पाझर चांगला ठाऊक होता. तोवर ती दोघं भागोजीच्याच घरात, मागच्या दोन खोल्यांत राहत होती. मैनाच्या आधी राहीबाईला एक मुलगा झाला होता, ऐन आषाढात, त्याच घराच्या माजघरात. भुईला अशी ओल की खाली घातलेली गोधडी सकाळी पिळून वाळत टाकावी लागे. तिनं पोटुशी असतानाच नवऱ्याला भावाकडं धाडलं होतं, की आमच्या मागच्या खोलीची भुई तेवढी हातभर चढवून द्या, बाळंतपणाला कोरडी जागा होईल. भागोजी तेव्हा म्हणाला होता, "धाकट्याची भुई माझ्या वर? मी मेल्यावर चढव."

भागोजी मेला नाही. पोर मेलं. बारशाच्याही आधी, छातीत गारठा भरून. त्यानंतर राहीबाईनं देवाकडं काही मागितलं असेल तर कोरडी भुई. सोनं नाही, माडी नाही. कोरडी भुई.

पायाची आखणी व्हायच्या दिवशी भागोजी सुतळीचा गुंडा घेऊन आला. मागं वाडीतली माणसं हात बांधून उभी. सुतळीचं एक टोक त्यानं आपल्या ओट्यावर दाबून धरलं आणि दुसरं महिपतीच्या हातात देऊन ताणायला लावलं. सुतळी डोंगराच्या पोटात घुसत होती. "बघ बाबा, हितपत्तुर," भागोजी म्हणाला. "जरा खालीच ऱ्हाऊ दे. उगाच बोलणं नको." महिपतीनं मान डोलावली. थोरल्या भावापुढं मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

खड्डा खणून झाला आणि शिमग्याला रावजी गावी आला. रावजी महिपतीचा चुलतभाऊ, परळच्या गिरणीत कामाला. मुंबईत राहिल्यामुळं त्याला घरबांधणीतलं सगळं कळायचं. तो स्वतः चाळीतल्या एका खोलीत दहा जणांबरोबर निजत असे, ती गोष्ट वेगळी.

खड्ड्याच्या काठावर उभं राहून तो म्हणाला, "काय टेन्शन नाय. सिमेंट मार खालून. कोबा. एकदम वॉटरप्रूफ. आरं, मुंबईत दर्यात बिल्डिंगी उभ्या हायत."

राहीबाई म्हणाली, "माझ्या माहेरी भुईच्या पोटात गोटे घालत्यात. मोकळे, मातीबिगर. वर कोळसा पसरायचा, त्यावर मुरूम. ओल गोट्यापत्तुर येती आणि तिथंच बसती. वर चढत नाय."

यात ती काही गुपित सांगत नव्हती. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. पण गोटे घालायचे म्हणजे खड्डा आणखी हातभर खोल न्यायचा, आणि महिपतीचे हात आधीच सोलले होते.

"वहिनी, तो जमाना गेला," रावजी म्हणाला.

मग भिंतीचा प्रश्न आला. गवंडी म्हणाला, जमिनीत आहे तेवढी भिंत तरी काळ्या दगडाची घ्या, जांभा पाणी पितो. रावजीनं त्याच्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. काळा दगड आता गोठ्याला वापरतात, घर कसं जांभ्याच्या चिऱ्याचं पाहिजे, तांबडंलाल. झालं. चिरा आला, महाडहून परवान्यावर मिळणारं सिमेंट आलं, वर मंगलोरी कौलं चढली. रावजी रजा संपवून मुंबईला निघून गेला. अशी माणसं नेहमी पावसाच्या आधी जातात.

वैशाखात प्रयागबाई घर बघायला आल्या. दारातून आत उतरायला पायऱ्या होत्या, त्या बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे काय, खाली उतरायचं?"

"उन्हाळ्यात गारवा ऱ्हातो," महिपती म्हणाला. लाज झाकायची वेळ आली की त्याला असं छान सुचायचं.

प्रयागबाईंनी वहाणा काढल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत आरशासारखा गुळगुळीत कोबा. तळपायाला गार लागताच त्यांचा चेहरा निवळला. "अगदी आमच्या महाडच्या घरासारखं आहे हो," त्या म्हणाल्या. यापेक्षा मोठी पदवी त्यांच्याजवळ द्यायला नव्हती. आठवडाभरात मैना माहेरी आली.

आषाढ लागला आणि कोब्याला घाम फुटला. आधी नुसता चकचकीतपणा, मग थेंब, मग पावलं उमटायला लागली. महिपती गोणपाट घेऊन पुसत सुटला. तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाईपर्यंत पहिला कोपरा पुन्हा ओला. पुढं डोंगराचं पाणी मागच्या भिंतीशी तुंबलं. चिरा ते पोटभर प्याला आणि उरलेलं त्यानं इमानदारीनं आत सोडलं. रावजीचं सिमेंट खरंच वॉटरप्रूफ निघालं. आत आलेलं पाणी ते मुळीच खाली जाऊ देईना.

"सिमेंट झकास हाय," महिपती बादली भरता भरता म्हणाला. "पानीच जरा जास्ती हाय."

मैना बाजेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. पायांवर सूज, आणि दोन दिवसांपासून खोकला. राहीबाईनं शेगडी पेटवली तर खोलीत नुसती वाफ कोंडली. महाडला परत न्यावं म्हटलं तर सावित्री दुथडी भरून वाहत होती आणि रस्ता बंद. सुईण बयाबाई इरलं डोक्यावर घेऊन आली, पायरीवरच थांबली आणि आत बघून म्हणाली, "बाळंत करायचं हाय का पवायला शिकवायचं हाय?" मग तिनं मैनाचं पोट चाचपलं आणि तिचा आवाज उतरला. "आज नाय तर उद्या. काय करायचं ते बिगी करा."

भागोजीची बायको रंगूबाई धावत आली. चांगल्या मनाची बाई. म्हणाली, "हिला आमच्या माजघरात आणा गो."

"त्या माजघरात माझी लेक निजायची नाय," राहीबाई म्हणाली. रंगूबाईनं खाली बघितलं. तिला आठवत होतं.

राहीबाई तशीच भिजत भागोजीच्या ओट्यावर गेली. एवढ्या वर्षांत ती थोरल्या दिरासमोर उभी राहून कधी बोलली नव्हती. बोलायचं ते दाराआडून, तेही दुसऱ्या कुणाला उद्देशून. आज तिनं पदर डोक्यावर घेतला, पण दार शोधलं नाही.

"भावजी, भुई चढवायची हाय."

भागोजी तंबाखू मळत होता. त्यानं मळणं थांबवलं नाही. "नेम हाय ना."

"नेमानं माझं एक नेलंय."

"मी कुठं नाय म्हणतो. पर गाव काय म्हणंल?"

"गाव सुतकाला येतंय, भावजी. मागल्या खेपेलाबी आलं व्हतं."

तंबाखू त्याच्या तळहातावरच राहिली. त्यानं ती पागोळ्यांत झाडली. मग उठला, घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली आणि धाकट्या भावाच्या घराकडं निघाला.

खालच्या पायरीवर त्याचा पाय सरकला आणि तो घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहिला. वैशाखानंतर तो या घरात आला नव्हता. महिपती बादली घेऊन गोठल्यासारखा थांबला. बाजेवरून मैना चुलत्याला म्हणाली, "तात्या, पाय लय गार पडल्यात." तिचे दात वाजत होते. भागोजीनं अंगावरची घोंगडी काढली, उलटी करून कोरड्या बाजूनं तिच्या पायांवर घातली आणि बाहेर पडला.

राहीबाईला वाटलं, संपलं. मग बाहेरून त्याची हाक आली, "महिपती, सुतळी आण रे."

सगळी बाहेर आली. भर पावसात भागोजीनं अंगणातला एक काळा दगड उचलला होता. पाटावरवंट्याच्या पाट्याएवढा असेल. तो त्यानं आपल्या ओट्यावर मधोमध ठेवला, हलतो का बघितलं आणि त्यावर मांडी घालून बसला. सुतळीचं टोक त्यानं दगडाच्या माथ्यावर धरलं.

"ही माझी भुई," तो म्हणाला. "आता चढव तुझी. दगडाच्या खाली ऱ्हा म्हंजे झालं."

सुतळी ताणली. ती पहिल्यापेक्षा चांगली वीतभर वर आली. बघायला जमलेल्यांतल्या एका म्हाताऱ्यानं मान हलवली, "नेमात बसतंय." वाडीचा धर्म असा एका दगडावर तरला.

मग मात्र सगळे कामाला लागले. ओढ्यातले गोटे टोपल्यांनी आले आणि कोब्यावर पसरले, मोकळे, मातीबिगर. भागोजीनं महाडला विकायला ठेवलेली कोळशाची पोती स्वतः पाठीवर आणून रिकामी केली. कोरडा मुरूम आषाढात कुठून आणणार, तर त्यानं माळ्यावरच्या ऐनाच्या फळ्या काढून दिल्या, नव्या दरवाज्यासाठी जपून ठेवलेल्या. कोळशावर फळ्या बसल्या. पाणी गोट्यांत खेळत राहिलं, महिपती ते कोपऱ्यातून उपसत राहिला, वर आलं नाही. महिपतीचं डोकं आता तुळईला लागत होतं आणि तो चुकूनही तक्रार करत नव्हता. रावजीचा सिमेंटचा कोबा खाली शांत बुडाला होता.

दुसऱ्या दिवशी मैना बाळंत झाली. मुलगी. बयाबाईनं फळीवर हात फिरवला, हात कोरडा निघाला, तेव्हा कुठं तिनं शेगडी जवळ ओढून लेकराला शेक दिला. पोरगी अशी कडकडून रडली की ओढ्यापलीकडं ऐकू गेलं. राहीबाईनं तिचे तळवे मुठीत धरून बघितले. ऊन होते. मग ती कोपऱ्यात तोंड फिरवून रडली, पोटभर रडली, आणि डोळे पुसून सुंठीचा लाडू वळायला बसली.

संध्याकाळी साखर घेऊन ती भागोजीकडं गेली. तो त्या दगडावरच बसला होता. येणारा-जाणारा थांबून त्याचं कौतुक करत होता, थोरला असावा तर असा, भावासाठी तोड काढली. भागोजीला ते गोड लागत होतं. त्यानं साखर घेतली आणि दगडावर थाप मारून म्हणाला, "बघ, एका दगडानं काम झालं का नाय?"

राहीबाईनं दगडाकडं बघितलं. असले दगड त्या अंगणात जिकडंतिकडं पडलेले होते. कपडे आपटायला, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू द्यायला, नुसतेच वाटेत.

"झालं," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या टायमालाबी आंगणात दगड व्हतेच, भावजी."

ती ओटा उतरून गेली. मग भागोजी दगडावरून उठला आणि खाली, जमिनीवर जाऊन बसला.