गॅनेट हार्बरच्या बोटीचा ठराव

अल्मा कीपिंग अकरा वर्षं कॅनडाच्या संसदेत, ओटावाच्या सभागृहात, निवडून येत होती आणि अकरा वर्षं एकाच गोष्टीवर बोलत होती: थंडगार समुद्र आणि त्यात पडणारी माणसं. सदस्याच्या निवेदनाला मिळतं एक मिनिट. पण अल्मा पडली न्यूफाउंडलंड बेटावरची बाई. बुडालेल्याचं सगळं गणगोत सांगून झाल्याशिवाय ती मुद्द्यावर यायचीच नाही, आणि तोवर अध्यक्ष उभे राहायचे, की संपलं. वार्ताहर तर तिचं नाव पुकारलं की कॉफी आणायला उठत. उठेनात का! ती काही बोलायची थांबली नाही.

आता तिच्याच गावचं, गॅनेट हार्बरचं, बचावकेंद्रच शुक्रवारी बंद होणार होतं. तिथली बोट गेली तर दुसरी बोट सहा तासांवर, आणि त्या पाण्यात माणूस तासभर टिकला तरी देवाची कृपा. मंत्र्यांनी पत्रकारांसमोर ऐटीत सांगून टाकलं होतं, "सगळं सभागृह एकमुखाने म्हणू दे, मग नाही बंद करणार." बोलायला काय जातं! एका बाकावरून नुसतं "नाही" आलं तरी असा ठराव तिथेच मरतो. आणि ते म्हणायला सत्ताधारी पक्ष रोज एक माणूस नेमूनच ठेवतो.

बुधवार होता. उद्या निवडणुकीसाठी सभागृह बरखास्त. निम्मे सदस्य प्रचाराला पळाले होते. आज "नाही"ची पाळी होती बेसिल हॅचरची. निवडून यायचा शेजारच्या मतदारसंघातून, पण जन्म गॅनेट हार्बरचाच, अल्माच्याच वर्गातला. दारातच तिने त्याला गाठलं.

"बेसिल, आज तेवढा गप्प बस रे."

"मला अजून तिकीट मिळायचंय, अल्मा. पक्षाचा हुकूम आहे."

"पक्ष येणारे का पाण्यात उडी मारायला?"

"तू नको मला शहाणपण शिकवूस," म्हणत तो आत सटकला.

प्रश्नोत्तरं संपली आणि अल्मा उठली. दोन ओळींचा ठराव वाचायचा होता, बस्स. पण समोर बेसिल घसा खाकरून तयारच बसलेला दिसला आणि बाईचं डोकं सणकलं.

"अरे बेसिल, तुझ्या डेरिकला ह्याच बोटीने पाण्यातून उचलला ना रे? सख्ख्या भावाला?"

एकच गदारोळ उठला. ह्या सभागृहात सदस्याला नावाने हाक मारत नाहीत; मतदारसंघाचं नाव घ्यायचं, तेही अध्यक्षांकडे बघून. अकरा वर्षांत अल्माने ही चूक कधी केली नव्हती.

"सन्माननीय सदस्यांना नियम ठाऊक आहेत," अध्यक्ष करड्या आवाजात म्हणाले.

"चुकले, अध्यक्ष महोदय." तिचे कान तापले. झालं! आपल्याच तोंडाने घालवली बोट. चारचौघांत डिवचलेला माणूस आता ईर्ष्येने "नाही" म्हणणार. तिने कसाबसा ठराव वाचला.

"कुणाची हरकत असेल तर त्यांनी 'नाही' म्हणावं," अध्यक्ष म्हणाले.

सत्ताधारी बाकांवरच्या माना बेसिलकडे वळल्या. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि तो बुटांकडे बघत बसला. "अरे, बोल ना!" मागून कुणी तरी कुजबुजलं. पण ते काम बेसिलचं; दुसऱ्या कुणाची जीभ उचलेना.

"हरकत नाही. ठराव मंजूर."

अल्मा तडक बाहेर आली. बाकांमागच्या पडद्यापलीकडच्या दालनात बेसिल भिंतीला टेकून उभा होता.

"रागावलास?"

"मग! सगळ्या देशासमोर अब्रू काढलीस. तिकीट तर गेलंच." त्याने डोळे पुसले. "पण 'नाही' म्हणून घरी म्हाताऱ्या आईला काय तोंड दाखवणार होतो गं मी?"

तिने गॅनेट हार्बरला फोन लावला. केंद्रावरची डोरीन ओरडलीच, "आत्ता नको, अल्मा! बोट बाहेर गेलीय. दोघं पाण्यात आहेत!"

डोरीनने रिसीव्हर तसाच टेबलावर टाकला. अल्मा आणि बेसिल कानाला कान लावून तिकडच्या वायरलेसची खरखर ऐकत राहिले. सतरा मिनिटांनी तिकडे डोरीनचा हुंदका फुटला.

"मिळाले गं! दोघंही जिवंत! बरं, तू कशाला फोन केला होतास?"