चौकटीतलं स्टॉप

बसवंतची तीन बोटं ठळक अक्षरांनी खाल्ली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं मी हसू देणार नाही.

यशवंतपूरच्या आमच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस बनतात. त्या कशा चालवायच्या याची पुस्तकं मी लिहायची. माझा नियम साधा होता. बोटानं दाबायचं खरंखुरं बटण असेल तर त्याच्या नावाभोवती चौकट. माऊसचं बटण तिरक्या अक्षरांत. पडद्यावर दिसतं आणि ज्यावर क्लिक करायचं, ते ठळक. बसवंत माझ्या निपाणीचा, आमच्याच गल्लीतला, मला महानंदाक्का म्हणणारा. नवीन प्रेस चालवून बघायचं काम त्याचं. इंग्रजी त्याला जेमतेम, पण चौकट दिसली की हात पॅनलवर आणि ठळक दिसलं की हात माऊसवर, हे मी त्याच्याकडून घोटून घेतलं होतं.

मग पुण्याहून शार्दूल आमचा साहेब होऊन आला. चौकटी त्याच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. पान क्लीन दिसत नाही म्हणे. एका दुपारी त्यानं पुस्तकातल्या सगळ्या चौकटी उडवल्या आणि सरसकट ठळक करून टाकलं. मी भांडले, घसा बसेपर्यंत भांडले. पॅनलवर स्टॉप आहे तसं पडद्यावरही स्टॉप आहे. पडद्यावरचं फक्त पुढचं काम थांबवतं, अर्धवट राहिलेला ठोका पुरा होतोच, हे त्याच्या टेबलावर हात आपटून सांगितलं. ऑपरेटरला तेवढी अक्कल असते, असं म्हणून त्यानं पुस्तक छापायला पाठवलं.

नव्या प्रेसवर पत्रा अडकला. बसवंतनं पुस्तक उघडलं. स्टॉप दाबा, मग पत्रा काढा. चौकट नव्हती, म्हणून त्या गुणी माणसानं माऊस धरला, पडद्यावरचं स्टॉप दाबलं, पडदा हिरवा झाला आणि त्यानं उजवा हात आत घातला. ठोका पुरा झाला. मी वरच्या मजल्यावरून धावत आले तेव्हा तो हाताकडं बघत उभा होता. रक्त पत्र्यावरून ओघळून माझ्या चपलेपर्यंत आलं. ती चप्पल मी फेकून दिली.

तो बँडेज बांधून परत आला त्या दिवशी मशीनपाशीच चौकशी ठेवली. कारखान्याचे मॅनेजर सुमंत सर, शार्दूल, बसवंत आणि मी. शार्दूलनं अहवाल तयारच आणला होता: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. खाली सुमंत सरांची सही झाली की बसवंत घरी. असला शेरा आणि सात बोटं घेऊन आलेल्या माणसाला या शहरात कोण उभं करणार होतं? शार्दूल तर समजावून सांगत होता की पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, स्टॉप दाबा, आता याहून सोपं काय लिहायचं. बसवंत मान खाली घालून ऐकत होता. माझं डोकं फिरलं.

"मग तूच करून दाखव," मी म्हणाले. "पुस्तकात आहे तसं."

मी मशीन चालू करून पत्रा तसाच अडकवला, ठोका अर्ध्यावर आणला. शार्दूलचा हात पॅनलकडं गेला. मी पुस्तक त्याच्या तोंडासमोर धरलं. ठळक म्हणजे पडद्यावरचं, हा नियम त्याच्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर तसाच राहिला होता. तो कसंनुसं हसला, माऊस घेतला, स्टॉप दाबलं. पडदा हिरवा झाला.

"आता हात घाल."

त्यानं दोन्ही हात खिशात घातले.

मेल्याचं मनगट धरून मी ते खिशातून उपसून काढलं. त्यानं मला ढकललं, मी त्याला कोपरानं हाणलं, त्याचा चष्मा उडाला. सुमंत सर मागून माझा दंड ओढत होते. मी शार्दूलला मशीनच्या दांड्यावर आपटलं आणि त्याचा पंजा खालच्या साच्यावर दाबून धरला. खोटं कशाला बोलू, मला तो हात चिरडायचाच होता. वरचा ठोकळा हलला.

"सोड! पडद्यावरच्यानं थांबत नाही ते, मला माहितीय!" शार्दूल किंचाळला.

पॅनलवर फाडकन आवाज झाला. बसवंतनं डाव्या हाताची मूठ स्टॉपच्या लाल बटणावर मारली होती. ठोकळा शार्दूलच्या पंजाच्या वीतभर वर थांबला.

"अक्का, सोड त्याला," बसवंत म्हणाला. "माझी गेली तेवढी बास झाली."

मी सोडलं. शार्दूल खाली बसून चष्मा चाचपडत होता. सुमंत सरांनी त्याला एवढंच विचारलं की तुम्हाला माहीत होतं तर याला का नाही सांगितलंत. मग सरांनी अहवाल फाडला.

बसवंतची नोकरी राहिली. माझी गेली. साहेबावर हात टाकला होता, जायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

परवा तो मल्लेश्वरमला माझ्या घरी आला. नवीन पुस्तक छापून झालं होतं, पहिली प्रत खास मला दाखवायला आणली होती. जमिनीवर मांडी घालून त्यानं डाव्या हातानं पान उघडलं आणि हसत म्हणाला, बघ अक्का, चौकट आली परत. दाखवायला त्यानं उजवा हात पानावर नेला, आणि दाखवायचं बोटच नव्हतं.